कांताबाईंची फिरती चूल

यवतमाळात ट्रकची बॉडी बांधणारे मोजकेच मिस्त्री होते आणि त्यांत सगळ्यांत हुशार जहीर मिस्त्री, म्हणजे मी, असं माझं मत होतं. बाकी कोणाचं ते मत असल्याचं माझ्या कानावर कधी आलं नाही. माझा मूळ धंदा घरांच्या चौकटी-खिडक्यांचा. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराचे जुने ट्रक लिलावात निघाले, लोकांनी ते कापूस वाहायला घेतले, तेव्हा मीही घरं सोडून गाड्यांच्या मागे लागलो. हात गाडीकडे आले, डोकं मात्र घरातच राहिलं.

अठ्ठावन्न साली दिवाळी झाल्यावर नेरचे वामनराव असाच एक ट्रक घेऊन माझ्याकडे आले. कापसाचे शेतकरी, बोलायला मोकळे.

"जहीरभाई, याच्यात सैपाकघर पाह्यजे. मायले काशीले न्याचं हाय."

त्यांची आई कांताबाई सत्तरीला आलेल्या. सोवळं असं कडक की स्वतःच्या चुलीवर, पूर्वेकडे तोंड करून, स्वतः रांधलेलंच खायचं. त्याचा जाच घरात दुसऱ्या कोणाला नव्हता, सगळा त्यांना स्वतःलाच. काशीची ओढ मात्र तरुणपणापासूनची. एकदा नवऱ्याबरोबर रेल्वेने निघाल्यासुद्धा, पण परक्या हातचं खाईनात, शेवटी वाटेत चक्कर येऊन पडल्या आणि परत आणाव्या लागल्या. पुढे नवरा वारला. आता गुडघे धरू लागले होते, म्हणून वामनरावांनी ही युक्ती काढली होती. कांताबाईंनी ती मानली, पण एका अटीवर.

"रस्त्यात एक जेवन माह्या रीतीनं झालं तं येईन. नाई झालं तं पुन्हा माह्यापुढं काशीचं नाव काढाचं नाई."

एवढी मोठी गोष्ट माझ्या हातात आल्यावर माझं डोकं ठिकाणावर राहणं कठीणच होतं. मी ट्रकवर सागवानी खोली उभी केली. दोन खिडक्या, झोपायला फळ्या, फळ्यांखाली धान्याचे खण, टपावर पाण्याची टाकी आणि आत तोटी. भांडी पडू नयेत म्हणून मांडणीला आडव्या पट्ट्या मारल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून मी ते दाखवत असे. चहा पाजल्याशिवाय लोक फारसं कौतुक करत नसत, म्हणून चहाही पाजत असे.

चूल घालायला कांताबाई स्वतः आल्या. घरची माती सोबत. आत चढून त्यांनी विचारलं, "पूर्व कोनीकडं?"

मी बाहेर जाऊन सूर्य पाहिला, आत आलो आणि ट्रकच्या उजव्या फळीवर खडूने मोठ्या अक्षरांत 'पूर्व' असं लिहिलं. शेजारी बाणही काढला. त्या फळीला लागून चूल बसली. सारवण झाल्यावर मला आत जायची बंदी झाली. उरलेले बोल्ट मी बाहेरून, खिडकीतून हात घालून आवळले. स्वतः बांधलेल्या खोलीत शिरता न येणारा मिस्त्री पाहायला पुन्हा लोक जमले, या वेळी चहाशिवाय.

माझी बायको अकीला डबा घेऊन आली होती. तिने फळीवरचा बाण पाहिला आणि विचारलं, "गाडी मुडेगी तो पूरब भी मुडेगा क्या?"

मी तिला म्हटलं, कारागिरीतलं तुला काय कळतं. ती डबा ठेवून गेली.

अटीतल्या जेवणासाठी नेरहून आम्ही निघालो. मी गाडी चालवत होतो, वामनराव शेजारी, कांताबाई मागे चुलीपाशी. उन्हं वर आल्यावर त्यांनी फळी ठोकली. मी रस्त्याच्या कडेला ट्रक थांबवला, मागे गेलो, फळीवरचा बाण पाहिला, मग सूर्य पाहिला. माझी 'पूर्व' थेट दक्षिणेला गेली होती. दक्षिणेकडे तोंड करून कांताबाईंनी चहाचं आधणसुद्धा ठेवणं शक्य नव्हतं.

"वळवतो, मायजी," मी म्हणालो. जसं काही ते आधीच ठरलेलं होतं.

गाडीचं नाक उत्तरेकडे करायचं म्हणजे ती रस्त्यात आडवी उभी करायची. केली. बाजाराला निघालेल्या कापसाच्या गाड्या दोन्हीकडून तुंबल्या. पहिल्या गाडीवरचा रामधन खाली उतरून म्हणाला, "मिस्त्री, रस्त्यात घर बांधून राह्यले काय?" मी तसाच ट्रक बाजूच्या वावरात घातला. तिथे गव्हाला पाणी दिलेलं होतं. चाकं पार रुतली, ट्रक एका अंगाला कलला आणि आत काहीतरी तडकल्याचा आवाज आला. बाण आता बरोबर पूर्वेकडे होता, फक्त अर्धा आभाळाकडे. चुलीचे दोन तुकडे झाले होते.

वामनराव धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जाऊन बसले.  बढाया मारता मारता मी एका म्हातारीची काशी बुडवली होती. मान वर करायची हिंमत होईना.

कांताबाई हळूहळू खाली उतरल्या. त्यांनी फुटकी चूल एकदा पाहिली. मग धुऱ्यावरचे तीन दगड उचलून त्यांनी कोरड्या जागी मांडले आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, वाळक्या काड्या गोळा करायला लागल्या.

वामनराव उठले. "माय, अशी उघड्यावर?"

"मंग? पूर्व तं इथंच हाय न."

त्यांनी भाकरी टाकल्या, बेसन केलं. तोवर रामधन आणि त्याच्या सोबत्यांनी चार बैलजोड्या लावून ट्रक बाहेर ओढला, आणि जाताना त्यांच्याही हातावर भाकरी पडली. मला कांताबाईंनी समोर बसवून वाढलं. मी खाली मान घालून जेवलो. त्यांनी स्वतः शेवटी, पूर्वेकडे तोंड करून, पोटभर खाल्लं.

हात धुऊन त्या म्हणाल्या, "जहीर, ते चूल काढून टाक."

"दुसरी बसवतो, मायजी. खाली चाक लावतो, चूलच फिरवता येईल." माझी हुशारी अजून संपली नव्हती.

"कायले? काशीपावतर दगडं भेटत नाईत काय?"

"भेटतात."

"मंग चुलीच्या जागी बाक कर. शेजारची विमल, आमच्या गल्लीतल्या रामरावची बहीन आन आमच्या वावरातली धुरपता. तिघीई अशाच चुलीपायी अडकून राह्यल्या हायेत, त्याईलेई घेऊन जाऊ."

यवतमाळात आल्यावर मी चूल काढली आणि तीन बायका ऐसपैस बसतील असा बाक केला. माघात कांताबाई धरून चौघी निघाल्या, गाडीवर मीच होतो. माझ्या मांडणीच्या पट्ट्या जबलपूरच्या अलीकडेच निखळल्या, टाकी पुढे कुठेतरी गळायला लागली. बाक तेवढा काशीहून धड परत आला.