नव्या कापडाच्या चिंध्या

माझ्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला लेकीनं मला गोधडीच्या वर्गात घातलं. शाळेत घालतात तसंच घातलं. आधी फोनवरून नाव नोंदवलं आणि मग मला सांगितलं. डॉक्टरांनी माझं ब्लड प्रेशर बघून "कुछ हॉबी रखो अम्मा" असं म्हटलं होतं, तेवढं तिला पुरलं. मी नामपल्लीच्या एका विमा कचेरीत इतकी वर्षं लोकांच्या मरणाचे कागद तपासते. एवढी करमणूक असताना आणखी हॉबी कशाला, असं मी विचारलं, पण तिच्या कानात गाणं चालू होतं.

वर्ग जुबिली हिल्समध्ये, शिकवणाऱ्या बाईंच्या घरी, दर रविवारी सकाळी. काचीगुड्याहून दोन बस बदलून जायचं. बाई तेलुगू, आमच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलायच्या; बरीच वर्षं परदेशात राहून आलेल्या. तिथं त्यांना मातीची ओढ लागली, म्हणून परत येऊन त्यांनी नवव्या मजल्यावर घर घेतलं. आम्ही सहाजणी होतो. घरात खुर्च्या भरपूर होत्या, पण जमिनीवर बसून शिवणं जास्त अस्सल, असं बाईंचं म्हणणं. माझे गुडघेही अस्सल असल्यामुळे मी खुर्ची मागून घेतली.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुमच्या आठवणींचं कापड घेऊन या." मी आईची, माझ्या कपाटात राहून गेलेली विरलेली सुती साडी आणि लेकीचे लहानपणीचे दोन झगे पिशवीत घालून नेले. बाईंनी ती साडी दोन बोटांत धरून पाहिली. "हे कापड फार थकलंय. मशीनखाली टिकणार नाही," म्हणाल्या, आणि एका दुकानाचा पत्ता दिला. तिथं नवं कापड मुद्दाम धुऊन, रंग उतरवून, जुन्यासारखं करून विकायला ठेवलेलं होतं. आम्ही सहाहीजणी तिथं गेलो आणि एकसारख्या आठवणी घेऊन परत आलो.

घरी मी जेवणाच्या टेबलावर ते कापड पसरलं आणि गोल पात्याच्या कटरनं चौकोन कापायला लागले. आई खिडकीजवळच्या पलंगावर बसून बघत होती. तिचं वय ऐंशीच्या पुढं आहे. कान अर्धे गेले आहेत, डोळे शाबूत आहेत.

"काय करायलीस गं?"

"तुकडे करायलेय."

"कशाला?"

"जोडायला."

आईनं मान पुढं काढून नीट पाहिलं. मग म्हणाली, "नवं हाय की कापड."

"हो."

"अख्खं हाय."

"हो गं."

"मंग तुला हापिसातून काढलं का काय?"

मी तिला समजावलं की हा छंद आहे, मोठमोठ्या घरच्या बायका करतात. आईनं मान हलवली. मोठ्या घरच्या बायकांना काहीतरी आजार झालाय, असा तिचा चेहरा होता.

शिवताना कडेला जे कापड सोडतात त्याला आपल्याकडं माया म्हणतात. हा शब्द मी बाईंना सांगितला, तशा त्या हरखून गेल्या. वहीत लिहून घेतला, आणि पुढच्या रविवारपासून मलाच शिकवायला लागल्या, "पाव इंच माया, नेहमी पाव इंच." माझी माया कुठं अर्धा इंच, कुठं अजिबातच नाही. नऊ तुकड्यांचा एक ठोकळा, असे सोळा ठोकळे झाले, तर त्यांतले दोन एका मापाचे निघेनात. लाल चौकोनाच्या कोपऱ्याला हिरव्याचा कोपरा भेटायला हवा होता. ते दोघं भांडल्यासारखे लांब उभे. बाई म्हणाल्या, "याला स्वतःची लय आहे." बाकी पाचजणींना त्या "परफेक्ट" म्हणत.

एका दुपारी आईनं ते ठोकळे मागून घेतले. उलटेपालटे करून शिवण चाचपली आणि म्हणाली, "माझी माय वाकळ शिवायची. शिवण सरळ असायची तिची."

मी पंचावन्न वर्षांत हे पहिल्यांदा ऐकत होते. म्हटलं, "मग तू कधी सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? चिंध्या पाटलाच्या घरून आणायची. दाराच्या आत नाही येऊ द्यायचे. वरून टाकायचे, हातात नाही द्यायचे. कितीदा धुतली तरी त्या वाकळीला त्यांच्या घरचा वास यायचा. तोच पांघरून झोपायचं. तुझ्या बापाला रेल्वेत नोकरी लागली आणि आम्ही इथं आलो. त्यानं पहिल्यांदा दोन ब्लँकेटं आणली. त्या दिसापास्नं मी घरात चिंधी ठेवली नाही."

तेव्हा मला कळलं, आमच्याकडं फरशी पुसायलासुद्धा कापड दुकानातून का यायचं. कपडा फाटला की आई तो त्याच आठवड्यात भांडेवालीला देऊन टाकायची. शेजारणी तिला उधळी म्हणायच्या.

वर्ग संपला तसं बाईंनी एका हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं. प्रत्येकीनं गोधडीखाली तिची गोष्ट कार्डावर लिहून लावायची, इंग्रजीत. माझ्याकडं खरी गोष्ट होती. पण मी लिहिलं की ही कला मला आजीच्या प्रेमळ हातांतून मिळाली, गावाकडं बायका अंगणात जमून गाणी म्हणत गोधड्या शिवत. खोटे दावे वाचण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे एक लिहायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

प्रदर्शनाला लेक आईला घेऊन आली. आई माझ्या गोधडीसमोर थांबली आणि नातीला म्हणाली, "काय लिवलंय, वाच."

लेकीचं मराठी म्हणजे निम्मं अंबरपेठच्या मैत्रिणींचं हिंदी. ती म्हणाली, "आज्जी, असं लिखेलं आहे की तुझी मम्मी गाणे गात गात, लई प्यारसे शिवायची."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग सगळ्यांना कळावं म्हणून दखनीत, म्हणजे इथल्या हिंदीत, आणि स्वतःला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं, "कौन गारा था? झूट है ये. गाने कू टैम किसकू था? थंडी लगती थी, सीते थे!"

हॉलमधले सगळे वळले. मला गोधडीच्या मागं जाऊन उभं राहावंसं वाटलं. बाई मात्र छातीवर हात ठेवून धावत आल्या. "अम्मा, कितना ऑथेंटिक! आप यहाँ नीचे बैठके थोडा सी के दिखाओ ना. लोग देखेंगे."

"तुम सीओ," आई म्हणाली. "मैं बैठके देखती." आणि तिनं खुर्ची मागितली. पूर्ण संध्याकाळ ती खुर्चीत बसून होती, आणि येणारे लोक ती मुख्य पाहुणी असल्यासारखे तिला नमस्कार करत होते.

मी ते कार्ड काढलं, उलटं केलं आणि मागच्या बाजूला मराठीत लिहिलं: कापड नवं आहे. शिवण वाकडी आहे. माझी आजी हौसेनं वाकळ शिवत नव्हती. पांघरूण नव्हतं आणि चिंध्या लोक दुरून टाकत.

हे बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांना अक्षरं फार सुंदर वाटली. त्यांनी फोटो काढून वर्गाच्या ऑनलाइन पानावर टाकला, त्याखाली बदाम पडत राहिले. आख्ख्या हॉलमध्ये ते सरळ वाचू शकणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि इथं आल्यावर मराठी अक्षरं शिकलेली आई.

परतताना गाडीत लेक फोनवर तोच फोटो मोठा करून एकेक अक्षर लावत बसली. अर्ध्यावर अडली. "मम्मी, चिंध्या म्हणजे काय?"

मी सांगणार तेवढ्यात आई पुढं वाकली. "ठावं नाही तुला?"

"नहीं, आज्जी."

"बरं झालं," आई म्हणाली आणि काचेबाहेर बघत बसली. 

गोधडी आता लेकीच्या खोलीत आहे. आई तिला हात लावत नाही. लेक भर उन्हाळ्यात एसी सोळावर लावते, मग कुडकुडते आणि ती गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेते. आई दारातून हे बघते आणि मला विचारते, "त्या डॉक्टरानं हिलाबी काही सांगितलंय का?"