आमच्याकडे घोडा होता

लेक पंधरा वर्षांची झाली, तरी पुण्यात आमच्याकडे घोडा होता अशी तिची समजूत होती. ती तशी राहू देणारा मीच.

घोडा होता हे खोटं नाही. परवान्याचं पिस्तूल होतं ते; टपोरी भाषेत घोडाच. आमच्या प्लॉटवरून कुणी फोनवर धमक्या देऊ लागलं, तेव्हा रीतसर अर्ज करून घेतलं. मी एक थोराड, चकचकीत पिस्तूल न्याहाळत होतो, तर दुकानदारानं माझ्या पोटाकडे पाहिलं. "साहेब, हे चपटं घ्या. ते बसलात की रुतेल." चपटंही रुतायचंच. शर्ट बाहेर सोडायचा आणि गाडीत बसताना श्वास आत घ्यायचा. बायको म्हणायची, "अहो, घोड्याला रोज फिरवून आणता, मला कधी नेणार?" धमक्या महिन्याभरात थांबल्या. मी मात्र कोथिंबीर आणायलाही ते लावून जायचो. ते कमरेला असणं मला आवडायला लागलं होतं, हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

जपानला येण्याआधी ते विकलं, परवाना परत केला. इथे ग्योतोकुला शाळेच्या सांगण्यावरून लेकीच्या दप्तराला एक पिटुकला बझर अडकवला, दोरी ओढली की किंचाळणारा. घरातलं हत्यार आता तेवढंच. तेही तिनं एकदाच ओढलं, वाजतंय का बघायला.

घोड्याबद्दल ती अधूनमधून विचारायची.

"रंग कुठला होता?"

"काळा."

"खायचा काय?"

"फारसं काही नाही."

"चावायचा?"

"माझ्याकडे असताना तरी नाही."

एकूण एक उत्तर खरं!

गेल्या महिन्यात तिला नदीकाठच्या घोडेस्वारीच्या वर्गात नाव घालायचं होतं. अर्जात घोड्यांशी आपलं नातं काय, ते लिहायचं होतं. पेन थांबवून तिनं विचारलं, "बाबा, तुझ्या उमाचं नाव काय होतं?"

लाटणं हातात घेऊन बायको बाहेर आली. "कोण उमा?"

"अगं, जपानीत घोड्याला उमा म्हणतात," मी घाईघाईनं म्हणालो. दोघी हसत सुटल्या. मला हसता येईना. खोट्या घोड्यावर बसून पोरगी परक्यांसमोर जाणार होती. म्हटलं, आज सांगायचंच.

ती चार वर्षांची असताना ती आणि मी गाडीतून सोसायटीत शिरत होतो. सकाळची वेळ. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी माझ्या जागेत स्कूटर लावलेली. मी उतरलो, आवाज चढवला. ते म्हणाले, "दोन मिनिटं थांबा हो." मी शर्ट वर केला. पिस्तूल काढलं नाही, नुसतं दाखवलं. वॉचमन ओरडला, "आजोबा, बाजूला व्हा, घोडा आहे त्यांच्याकडे!" आजोबांनी हात जोडले आणि स्कूटर ढकलू लागले. स्टँड काही निघेना. मागच्या सीटवरून लेक काचेला नाक लावून शोधत होती. "कुठाय घोडा?" मी म्हणालो, "गेला."

त्यानंतर रोज सकाळी मला पाहिलं की आजोबाच आधी नमस्कार करायचे. माफी मागायचं धाडस मात्र मला झालं नाही.

हे सगळं ऐकून बायको आत जाऊन तवा उतरवून आली. लेकीनं पेन अर्जावर ठेवलं.

"म्हणजे घोडा नव्हताच?"

"नव्हता गं."

"शी, बाबा!" मग म्हणाली, "आणि त्या आजोबांना तू सॉरी पण नाही म्हणालास? इथे मिठाईचा डबा घेऊन जातात. घरी. वाकून."

"इतक्या वर्षांनी?"

"डब्यावरची मुदत मिठाईची असते, माफीची नाही."

मी जुन्या वॉचमनला फोन लावला. लेकीनं स्पीकर चालू केला. माझं नाव सांगितलं, चौथा मजला सांगितला. त्याला ओळख पटेना. मग एकदम ओरडला, "हां हां, घोडेवाले साहेब!" लेक सोफ्यावर आडवी होऊन हसली. बायकोसुद्धा.

"खालचे आजोबा आहेत ना हो?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"आहेत की. आत्ता समोर उन्हात बसलेत पेपर घेऊन. काय सांगू त्यांना?"

"सांगा, दिवाळीत भेटायला येतोय, लेकीला घेऊन," मी म्हणालो. "आणि घोडा नाहीये, हे आधी सांगा."