वर मागून घेतलेला कंद

डब्लिनहून निघालो तेव्हा स्वच्छ ऊन होतं. मलिंगार गाव जवळ आलं तसं धुकं असं उतरलं की अदितीनं गाडी अगदी हळू केली. अदिती माझी मुलगी, तिथल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर. २०२०चा मार्च महिना होता. मी महिनाभर राहून परत जाणार होतो.

घर गावाबाहेर, भाड्याचं. मागे लांबट परसबाग आणि तिच्या टोकाला एकटं काटेरी हॉथॉर्नचं झाड. झाडाखाली गवतात पांढऱ्या गारगोट्या अर्धवट रुतलेल्या दिसत होत्या. कुंपणापलीकडे एक घोडा आमच्या त्याच कोपऱ्याकडे तोंड करून उभा होता. आम्ही सामान उतरवलं, चहा केला, प्यायलो, तरी तो तसाच उभा होता.

आठवड्याभरात विमानं बंद झाली. अदिती वॉर्डात जायची, मी घरात. रस्ता इतका शांत की कावळ्याचं पंख झटकणंही ऐकू यायचं. एका दुपारी सगळे शेजारी आपापल्या फाटकाशी अंतर ठेवून उभे राहिलेले दिसले. एक काळी गाडी हळूहळू आली आणि धुक्यात गेली. प्रेतयात्रेला जायची परवानगी नव्हती, म्हणून ते दारातूनच निरोप देत होते. पुढे असं बरेचदा झालं. मीही फाटकाशी जाऊन उभा राहू लागलो.

मला स्वस्थ बसता येत नाही. पुण्याच्या मार्केट यार्डात दुसऱ्याच्या झेंडूच्या पाट्या वाहत मी सुरुवात केली, आज माझा स्वतःचा गाळा आहे. पहिला सांगितलेला भाव मी कधी दिलेला नाही. त्यामुळे सप्टेंबरात रोपवाटिकेत ट्युलिपचे कंद आले म्हटल्यावर अदितीच्या मागे लागून गेलो.

तिथला माणूस जाणकार होता. मी त्याला सांगितलं, "एकदम फुलून आठ दिवसांत संपणारा माल नको. मार्चपासून मे संपेपर्यंत बागेत फूल पाहिजे."

त्यानं मग ओळीनं कंद मांडले. बुटके कॉफमानियाना सगळ्यांत आधी, मार्चअखेर. त्यामागोमाग मोठ्या पाकळ्यांचे फॉस्टेरियाना. एप्रिलमध्ये ट्रायम्फ, ते वाऱ्याला टिकतात. मग उंच दांड्याचे डार्विन, आणि शेवटी मेमध्ये झालरीच्या पाकळ्यांचे पॅरट. मी दाबून दाबून पाहिले, मऊ पडलेले बाजूला काढले आणि भाव पाडला. पिशवी बांधल्यावर म्हणालो, "आता वर एक टाका."

"वर? कशाबद्दल?"

"आमच्याकडे टाकतात."

"बाबा, प्लीज!" अदिती पुटपुटली. तो मात्र हसला आणि वेगळ्या पेटीतून एक कंद काढून पिशवीत टाकला. "हा सगळ्यांच्या नंतर येतो. जवळजवळ काळा. तुम्हाला शोभेल."

जागा म्हणून मी झाडाखालचा कोपरा निवडला. घरमालक टॉम भला माणूस. काहीही विचारलं तरी "ग्रँड" (म्हणजे झकास, चालेल) म्हणायचा. या वेळी म्हणाला नाही. "बाकी कुठंही लावा. तो कोपरा राहू द्या."

"का?"

"राहू द्या म्हणजे झालं."

या शब्दांची मला चीड आहे. माझा मोठा भाऊ, दादा, आयुष्यभर मला हेच सांगत आला. आमच्या मावळातल्या शेतात विहिरीकडचा तुकडा आहे. तिथं मला पॉलिहाऊस उभारायचं होतं. दादा म्हणाला, राहू दे. मी कोर्टात दावा लावला, बोलणं तोडलं. आता टॉमनंही तेच म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. नोव्हेंबरात थंडी पडली तसा मी त्याच कोपऱ्यात उतरलो.

जमीन टणक होती, पण गारगोटी उपटली की खाली आयता खड्डा मिळायचा. खणायचे कष्ट वाचले म्हणून मी खूश. प्रत्येक खड्ड्यात एकेक कंद. कुठलाही भाग ओका दिसू नये म्हणून लवकरचे, मधले, उशिराचे मुद्दाम मिसळून टाकले. एक गारगोटी वेगळी होती, तिच्यातून लाल शीर गेली होती. तिच्या खड्ड्यात तो वरचा कंद ठेवला. काढलेल्या सगळ्या गारगोट्यांची वाफ्याभोवती सुंदर कड केली.

दुसऱ्या दिवशी लाल शिरेची गारगोटी कडेतून निसटून आत वाफ्यावर आलेली होती. परत लावली. सकाळी पुन्हा तेच. कोल्हा असेल म्हणून मी राख पसरून पाहिली. राखेवर कसलाही ठसा नव्हता, आणि गारगोटी मात्र आत, झाडाच्या बाजूला सरकलेली. कुंपणापलीकडचा घोडा आता कोपऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक म्हातारी काठी टेकत परसात आली. नोरा, शेजारच्या वळणावर राहणारी. आजारपणामुळे ती सहा-सात महिने घराबाहेर पडली नव्हती. वाफ्याच्या कडेवरून तिनं काठी फिरवली.

"दगड तुम्ही काढले?"

"मी भाड्याच्या जागेत काय करावं हे—" मी आवाज चढवला. तिनं तो चढू दिला, संपू दिला. मग म्हणाली, "हे किलीन आहे." (बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या आवारात जागा नसायची. त्यांना पुरायची ही जागा.) "माझा भाऊ आहे इथं. एक दिवसाचा होता. उजाडायच्या आत बापानं आणून पुरला. कुठं, ते त्यानं मरताना आईला सांगितलं, आईनं मला. लाल शिरेचा दगड. माझ्याखेरीज तो कुणाला माहीत नाही."

मी कडेतून तो दगड काढून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "दगड आहे हो. जागा कुठली?"

मला सांगता येईना. पात्या सगळीकडून सारख्याच हिरव्या वर येत होत्या. "खणून बघतो," म्हटलं.

"पुन्हा खणायचं नाही."

"मग फूल येईपर्यंत थांबावं लागेल. काळं. सगळ्यांत शेवटी येईल."

"तुमच्या बाजूनं प्रार्थना करा, मी तोवर टिकेन अशी," ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

आमची पहिली मुलगी आठ दिवसांची होऊन गेली. दसऱ्याची धामधूम, मी झेंडू घेऊन बाजारात. परत आलो तोवर दादानं तिला पुरलं होतं. इतकं लहान मूल आपल्याकडेही जाळत नाहीत. कुठं पुरलं विचारलं तर म्हणाला, "राहू दे. विचारू नकोस." माझी बायको ती जागा न कळताच गेली. दादाशी माझं खरं भांडण तेव्हापासूनचं. दावा नंतरचा.

मार्चअखेर बुटकी फुलं आली. नोरा दर रविवारी यायची. जे फूल उमलेल त्याच्याशी मी एक गारगोटी परत रोवायचो. पांढरी, पिवळी, केशरी फुलं, वारा नसतानाही हलायची. एप्रिलमध्ये ट्रायम्फ फुलले तेव्हा पुण्याहून फोन आला. दादा ऑक्सिजनवर, बोलता येत नाही.

त्या दिवशी मी सगळी बाग तुडवत फिरलो. तो गेला तर जागा त्याच्याबरोबर जाणार होती. अदिती रोज तिकडच्या डॉक्टरांशी बोलायची आणि मला थोडंच सांगायची. मी वाफ्याशी बसायचो. डार्विन झडले, पॅरट झडले. एक कळी मिटलेली राहिली.

मे संपता संपता ती उघडली. शाई वाळल्यासारखी काळी. दगड रोज सकाळी ज्या दिशेला सरकलेला दिसायचा, नेमकी त्याच रेषेत. नोरानं गुडघे टेकले, दगड स्वतःच्या हातानं बसवला. "ग्रँड," ती म्हणाली, दगडाला की मला, कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो हलला नाही. घोडा खाली मान घालून चरत होता. इतक्या महिन्यांत मी त्याला प्रथमच चरताना पाहिलं.

जूनमध्ये दादा दवाखान्यातून घरी आल्याचं कळलं आणि मी परतलो. माहीत असलेली गोष्ट न सांगणाऱ्याला आपण लबाड समजतो. मीही समजत होतो. विमानात मी सौदा ठरवत राहिलो, आधी किती सोडायचं, मग किती. पुण्यात न थांबता गाव गाठलं. दादा ओट्यावर बसला होता, अर्धा झालेला. त्याला पाहिलं आणि ठरवलेलं सगळं विसरून पहिल्याच शब्दात शेवटचा भाव सांगून टाकला.

"दादा, विहिरीकडचा तुकडा तुझा. दावा मागं घेतो. फक्त तिची जागा दाखव."

त्यानं काठी जवळ ओढली. मग खोकत म्हणाला, "त्याच तुकड्यात हाय ती. तू यंत्र लावून खणणार व्हतास."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू रोज तिथंच बसला असतास. धंदा केला असतास का?"

तो काठी घेऊन उठला आणि पुढं चालू लागला. मी मागून. विहिरीच्या अलीकडे बांधावर तो थांबला.

"हितनं चपला काढ," म्हणाला.