नकाशातलं भोक

सोलापूर स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेला माणूस काय करत होता, सांगू? चक्क नकाशा शिवत होता! जुन्या बाजारातून आणलेला, कापडावर चिकटवलेला. त्यात कोकणातली खाडी, पलीकडे पोर्तुगिजांची हद्द, आणि घडी पडून पडून नेमकं हद्दीवरच भोक! जिभेनं दोरा ओला करत तो तिथं कोऱ्या मांजरपाटाचं ठिगळ लावत होता.

"तितंच माज्या आईचं गाव," तो म्हणाला. "लगीन होऊन हितं आली, ती परत गेलीच न्हाय. आता चालवत न्हाय तिला, म्हनून मीच निगालोय."

"मग वाट कशी सापडणार हो?"

"भोकाच्या कडंला गावं हायत की! इचारत जायाचं. गावलं, की ठिगळावर काडून आईला दावतो."

गाडी आली. मी खिशातली नवी पेन्सिल काढून त्याच्या हातात कोंबली.