पुंगळीतला रवा

एखाद्या खोलीत चार माणसं बरीच वर्षं काम करत राहिली की किस्से पितळेच्या किसासारखे साठत जातात. कितीही झाडा, घरी गेल्यावर बुटाच्या तळव्यात एखादा टोचतोच. मी रोजनिशी लिहितो, त्यामुळे मला ते जास्तच टोचतात.

आमची खोली इच्छापोरच्या एका परवानाधारक कारखान्यात आहे. तिथे नेमबाजीच्या रायफलच्या काडतुसांसाठी पितळेच्या पुंगळ्या बनतात. चाचणी खोलीत आम्ही चौघं. बापू म्हणजे आमचे सुपरवायझर, मूळचे धुळ्याकडचे, राहायला गोडादऱ्याला. सुमनताई भिंगाखाली पुंगळ्या तपासतात. मोजमाप माझ्याकडे, मायक्रोमीटर धरायला मी बघून बघूनच शिकलो. आणि आम्हा सगळ्यांवर जिग्नेशभाई, आमचे मॅनेजर.

गेल्या वर्षी एका बाहेरच्या कंपनीनं सुधारित काडतूस मागितलं. पुंगळी तीच, फक्त अंग सरळ आणि खांदा जास्त उभा, म्हणजे आत जागा वाढते. हा आकार नुसत्या साच्यातून नीट येत नाही. जुन्या आकाराची पुंगळी नव्या चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीत, घालून उडवावी लागते. पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतीला जाऊन टेकतं आणि तोच आकार धरून बाहेर येतं.

जिग्नेशभाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पहिली बॅच पास झाली तर काम इथे. नाही झाली तर ही खोली बंद, मशीन राज्याबाहेरच्या प्लांटला. बापू, तुम्हालाही मशीनसोबत जावं लागेल."

बापूंची मुलगी बारावीला. ते चष्मा पुसत राहिले.

*

पहिला धक्का बसला तो सामानाच्या यादीनं. नुसता आकार आणायचा असेल तर गोळी लावत नाहीत. थोडी बंदुकीची दारू, तिच्यावर रवा आणि वर मेणाचं बूच. हो, रवा. परदेशातले लोक असंच करतात म्हणे.

बापूंनी यादी दोनदा वाचली. "साहेब, दारूचा परवाना आपल्याकडे आहे. रव्याचा कोण देणार?"

जिग्नेशभाई म्हणाले, "रव्याला परवाना नाय लागतो, बापू."

"मग हिला पुंगळी कशाला म्हणायचं? करंजी म्हणा."

स्टोअरच्या माणसानं मागणी परत पाठवली. वर लिहिलं होतं, 'कॅन्टीन खाते?' शेवटी जिग्नेशभाईंनी स्वतःच्या हातानं 'प्रोसेस मटेरिअल' लिहिलं, तेव्हा पिशवी आली. पिशवीवर उपम्याचं चित्र होतं.

*

पहिली पुंगळी उडवली तेव्हा आम्ही जाड काचेच्या मागे उभे होतो. सुमनताईंनी कानावरच्या मफ्सवरून पुन्हा हात दाबून धरले होते. बापूंनी दोरी ओढली. आवाज झाला, पांढरा धुरळा उठला, पंखा सुरू झाला आणि खोलीभर वास पसरला. दारूचा असेल असं वाटलं होतं. वास होता खमंग, करपायच्या एक क्षण आधीच्या रव्याचा. त्या धक्क्यातून सावरतोय तोच मला भूक लागली, याचं मला आणखी आश्चर्य वाटलं.

सुमनताईंनी पुंगळी भिंगाखाली धरली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"फाटली का?" बापूंनी विचारलं.

"फाटली कसली? बापू, हिला खांदे आलेत."

बापूंनी पुंगळी हातात घेतली. "आत गेली तेव्हा बिचारी खांदे पाडून गेली होती. बाहेर आली ती हवालदार होऊन."

*

पुढे एकदा जिग्नेशभाईंच्या वाढदिवसाला कॅन्टीनमध्ये शिरा केला होता. काजू-बदाम घातलेला, केशरी. साहेबांनी दुसऱ्यांदा घेतला. आचाऱ्याला म्हणाले, "रवो एकदम सरस छे. कुठून आणला?"

आचारी खूश झाला. "आपलाच आहे, साहेब. टेस्ट रूमच्या नावावर स्टोअरमध्ये पिशवी पडून होती. आमचा संपला, म्हणून घेतला."

जिग्नेशभाईंचा चमचा वाटी आणि तोंड यांच्या मध्येच थांबला. पिशवी बंद होती, स्टोअरमधली होती, दारू तिच्या जवळपासही नव्हती, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांचा चेहरा उतरत गेला.

बापू शेजारीच बसले होते. शांतपणे म्हणाले, "साहेब, खांदे उभे व्हायला लागले तर सांगा."

त्या दिवसापासून रव्याची जबाबदारी बापूंकडे आली. कॅन्टीनवर त्यांचा विश्वास उरला नाही. ते पिशवी घरी नेऊन ठेवायचे आणि लागेल तेवढा रवा स्टीलच्या डब्यातून आणायचे.

*

आणि मग बॅच दाखवायला आठवडा उरला असताना पुंगळ्या बिघडल्या.

एका बाजूला खांदा उभा, दुसऱ्या बाजूला गोलसर, अर्धवट. मला माझ्याच मापांवर विश्वास बसेना. मायक्रोमीटर बदलून पाहिलं. बापूंनी चेंबर पुसलं, दारूचा लॉट बदलला, मेण बदललं. पुंगळ्या एकाच खांद्यानं बाहेर येत राहिल्या. जिग्नेशभाईंनी त्या राज्याबाहेरच्या प्लांटला फोन करून मशीनसाठी जागा आहे का, हेही विचारून ठेवलं. ते आमच्यासमोरच विचारलं.

सुमनताई पुंगळीत रवा भरताना थबकल्या. डबा हलवला. रवा हलला नाही, गोळा होऊन सरकला. त्यांनी डबा नाकाशी नेला.

"बापू, ह्यात तूप आहे."

"तूप?"

"साजूक."

खोलीत फोन नेता येत नाही. आम्ही सगळे गेटजवळ गेलो आणि बापूंनी स्पीकर लावून बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, फोन केला. घरी ते अहिराणीतच बोलतात.

"हाई काय करं वं तू? रव्याले तूप लावं?"

"किडा पडतीन म्हनीसन भाजी ठेवा," वहिनी म्हणाल्या. मग आणखी कोणीतरी ऐकतंय हे कळल्यावर त्या मराठीत आल्या. "किडे पडतील म्हणून भाजून ठेवला. आणि कोरडा कसा देणार? तुम्ही साहेबांच्या नाश्त्याला नेता ना रोज. या खेपेला चमचाभरच टाकलं. कमी पडलं का?"

काम गुप्त, म्हणून बापूंनी रवा कशासाठी नेतो ते घरी कधी सांगितलंच नव्हतं. जिग्नेशभाई गेटच्या कठड्यावर बसले. "एमां घी," त्यात तूप, एवढंच म्हणाले. बापूंनी फोन तोंडाजवळ नेला आणि अगदी हळू म्हणाले, "भाज. पण कोरडा भाज."

*

बॅच पास करायला काडतूस मागवणाऱ्या कंपनीकडून एक मॅडम आल्या. केरळकडच्या, वय साठीच्या आसपास, हिंदी मोजकी. त्या येण्याआधी जिग्नेशभाईंनी आम्हाला तंबी दिली, "रवा हा शब्द कोणी काढायचा नाय. विचारलं तर म्हणायचं, फिलर. घरगुती काम वाटलं ना, तर सगळं संपलं."

मॅडमनी काचेमागून पुंगळ्या उडताना पाहिल्या. एकही फाटली नाही. भिंगाखाली पाहिल्या, माझ्या हातातून मायक्रोमीटर घेऊन स्वतः मोजल्या. खांदे सगळ्या बाजूंनी उभे. त्यांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि थांबल्या. खोलीत तो वास भरून राहिला होता.

"अंदर क्या भरते हैं?"

"फिलर," जिग्नेशभाई म्हणाले.

मॅडम उठल्या. बापूंच्या टेबलावरचा स्टीलचा डबा उघडला, चिमूटभर घेऊन अंगठ्यानं बोटांवर चोळला, बोटं नाकाशी नेली.

"भुना हुआ है."

सुमनताईंनी माझी बाही धरली. मॅडमनी डब्यावर झाकण ठेवलं आणि बापूंकडे पाहिलं.

"घी तो नहीं डालते?"

जिग्नेशभाईंनी डोळे मिटले. बापूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अब नहीं डालते, मॅडम."

मॅडमनी पेन पुन्हा उचललं.

"हम भी अब नहीं डालते," त्या म्हणाल्या आणि सही केली.