बायकांच्या बाजूने बोलणारे

यंदा दुबईच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात मी वीस मिनिटं बोलणार होते. विषय असा: चारशे वर्षांपूर्वी युरोपातले विद्वान बाईला बुद्धी असते की नाही यावर हिरिरीने भांडत होते. अजमानच्या फ्लॅटमध्ये पोळ्या आटोपल्या की मी गेली काही वर्षं तेच वाचत बसते, पीएचडीसाठी. पण इथे माझी ओळख कुणाची तरी मिसेस एवढीच. म्हणून ती वीस मिनिटं मला हवी होती, अगदी हट्टाने हवी होती.

कार्यक्रम तोंडावर आला आणि मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. “वहिनी, टॉपिक जरा हेवी आहे हो. संडेला लोक रिलॅक्स व्हायला येतात. आपण फनी डिबेट ठेवू या, स्त्री श्रेष्ठ की पुरुष? पुरुषांच्या साइडने मी, बायकांच्या साइडने तुमचे मिस्टर. तुम्ही तिळगुळाचं बघाल ना?”

हसावं की रडावं कळेना. मी वाचत होते ते नेमकं हेच. तिथेही बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी पुरुषच. कित्येकांना बाईशी काही देणंघेणं नव्हतं. अक्कल पाजळायला विषय बरा, म्हणून आज स्तुती, उद्या निंदा.

रविवारी दुबईला निघालो. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर नवरा म्हणाला, “दोन-तीन सॉलिड पॉइंट्स दे ना.” चिडलेली होते, तरी दिले. हा विषय निघाला की माझं तोंड थांबत नाही. मुलींना शिकवायचं नाही आणि मग त्यांना काही येत नाही म्हणून हिणवायचं, हा मुद्दा त्याने माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला.

हॉलमध्ये त्याच मुद्द्यावर टाळ्या पडल्या. मी मागच्या टेबलावर वाणाचे डबे मांडत होते. दोन-चार आपटलेसुद्धा, पण कोणी वळून पाहिलं नाही. मग मात्र माझं डोकं सटकलं. तशीच स्टेजवर गेले आणि माइक मागितला.

“क्विक हं वहिनी, यल्ला, जेवण थंड होतंय,” अध्यक्ष म्हणाले.

मी बोलले. युरोपातल्या त्या भांडणात बायकांनी स्वतः उत्तरं लिहिली, विद्वानांच्या चुका दाखवून लिहिली, हे सांगितलं. ते वाचून लोक काय म्हणायचे तेही सांगितलं. एवढं चांगलं लिहिलंय म्हणजे नवऱ्याने नाहीतर भावाने लिहून दिलं असणार! जेवणाच्या टेबलाकडे कोणी वळलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा इथे कोणी माझं ऐकत होतं.

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी माइक परत घेतला आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. “वा! मिसेसची काय तयारी करून घेतलीत हो!”

सगळे हसले. मी नवऱ्याकडे पाहत राहिले. आता तरी हा काही बोलेल असं वाटलं.

“थँक यू, थँक यू,” तो म्हणाला.