दुपारची बारी

"सोडा बैलं, घरी न्या! चिठ्ठीत दुपारचीच बारी निघणार. माझी बैलं उन्हात जाळायची न्हाईत!" निरगुडसरला शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, वडील, म्हणजे आण्णा, असे ओरडले की मंचरच्या हायवेवरचे ट्रक थांबले असतील. आजही बैलांवर उधळतात त्या भंडाऱ्याचा वास आला की तो आवाज कानात घुमतो.

बैलगाडा शर्यतीत कुणाची बारी कधी, हे टोपलीतल्या चिठ्ठीवर ठरायचं. दहावीतली माझी बहीण शोभा पुढे झाली. "आण्णा, वीस चिठ्ठ्यांत दुपारच्या पाच, म्हणजे शक्यता एक चतुर्थांश. ती एकातून वजा करा. दुपार न येण्याची तीन चतुर्थांश उरते की!"

"मग तूच काढ," आण्णा म्हणाले. मुलीच्या हातानं चिठ्ठी निघालेली त्या घाटानं पाहिली नव्हती.

निघाली दुपारचीच! पण बैल असे उधळले की त्यांच्या सावल्या धापा टाकत मागून आल्या. पहिला नंबर! तेव्हा वाटलं, माझी छाती बैलांमुळं फुगलीय. आज कळतं, शोभामुळं. आण्णा तर दिसेल त्याला सांगत सुटले, "चिठ्ठी माझ्या पोरीनं काढली, राव!" मग हळूच तिला म्हणाले, "पण तुझं गणित चुकलं कसं गं?"

"चुकलं न्हाई, आण्णा. चारातली एक आपल्याला आली."